आधी वाचून दाखव

मी एक जुनी तिवई आहे. ज्या सुताराने मला घडवलं, त्याच्याकडे कागद भरून येणाऱ्या लाकडी खोक्यांच्या उरलेल्या फळ्या होत्या आणि चौथ्या पायाला लाकूड पुरलं नाही. लोक हसले तेव्हा तो म्हणाला, "तीन पायांचं कधी डुगडुगत नाही. चार पायवाल्यांना विचारा!" मित्रांनो, त्या वाक्याचा मला अजून अभिमान वाटतो.

माझं आयुष्य पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात गेलं. छापलेले मोठे कागद इथे येत. लांब टेबलाभोवती बसलेल्या बायका त्यांच्या घड्या घालत, ते शिवत, वर पुठ्ठा चढवत. माझ्यावर खळीचं पातेलं असे. खळ सांडे, वाळे, मग कुणीतरी ती सुरीने खरवडे. हजारो पुस्तकं त्या हातांखालून गेली, पण आत काय आहे हे बघायला सवड कुणाला? सगळ्यांत जुन्या मावशीला तर अक्षरओळखही नव्हती. "शिंपी काय सगळ्यांचे कपडे घालून बघतो?" असं ती म्हणे.

मग परगावाहून एक तरुण बाई कामाला आली. सगळ्या तिला 'नवी' म्हणत आणि सहा वर्षांनीही ती नवीच राहिली. एकदा डाग पडलेले, टाकून द्यायचे कागद तिने उचलले आणि मोठ्याने वाचायला लागली. मावशीने माझ्यावरचं पातेलं खाली ठेवलं, मला फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "बसून वाच. तुझ्या वाटणीचं आम्ही करू." तेव्हापासून तो नेमच झाला. जी वाचेल तिची चळत बाकीच्या वाटून घेत.

पुढे सत्तेबद्दलचं एक जाडजूड पुस्तक बांधायला आलं. भांडवलशाही, फॅसिझम हे सगळं डोक्यावरून जाई. पण मावशी पिच्छा सोडणारी नव्हती.

"भांडवल म्हणजे काय गं?"

"हे कापायचं यंत्र मालकाचं, ते भांडवल. हात आपले, ती मजुरी."

"आणि यंत्रात हात सापडला तर?"

"तर हात आपलाच," नवी म्हणाली.

सगळ्या हसल्या आणि हसता हसता आपापल्या हातांकडे बघू लागल्या.

फॅसिझमचं प्रकरण आठवडाभर चाललं. त्यात लिहिलं होतं, की आधी लोकांना भीती घालतात आणि मग त्या भीतीला शेजाऱ्याचा चेहरा चिकटवतात. मावशीला ते पटेना. "शेजाऱ्याला आपण ओळखत नाही का? असं कुठं असतं!"

थोड्याच दिवसांत कारखान्याचे साहेब टेबलापाशी आले. काम कमी झालंय, परगावच्या बायका तुमच्या हातचं काम पळवतायत, असं गोड बोलून गेले. घर फिरलं की वासेही फिरतात, तसंच झालं. "कानामागून आली आणि तिखट झाली," कुणीतरी नवीला ऐकू जाईल असं बोललं. वाचन बंद पडलं. मी कोपऱ्यात गेले आणि पातेलं पुन्हा माझ्या डोक्यावर आलं. खळीचं मला काही वाटलं नाही. टेबलाभोवतीची ती शांतता मात्र सोसवत नव्हती.

एका दुपारी साहेब एक अर्ज आणि शाईचा पॅड घेऊन आले. सगळ्यांत जुनी म्हणून पहिला अंगठा मावशीचा हवा होता.

"आधी वाचून दाखवा," मावशी म्हणाली.

"अहो, तुमच्याच भल्याचं आहे. अंगठा लावा, झालं!"

मावशी उठली. कोपऱ्यात येऊन तिने पातेलं उतरवलं आणि मला ओढत टेबलापाशी नेलं. "नवे, बस. तूच वाच."

नवी बसली. मी माझे तिन्ही पाय घट्ट रोवले. "काम कमी झाल्यामुळे परगावच्या बायकांना काढून टाकावे, अशी आमची विनंती आहे," तिने वाचलं. 'परगावच्या' हा शब्दही तिने गाळला नाही.

"काम कमी झालंय?" मावशीने विचारलं. "मग सुट्टीच्या दिवशी आम्हाला कशाला बोलावता? आणि ही 'आमची' विनंती कुणाची? मी तर आत्ताच ऐकतेय."

मावशी बायकांकडे वळली. "मी म्हटलं होतं ना, असं कुठं असतं? हे बघा, इथंच आहे. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!"

'तिखट' म्हणणारीने मान खाली घातली आणि पॅड साहेबांकडे परत सरकवला. एकीनेही सही केली नाही. नवी कामावर राहिली. साहेब अजून साहेबच आहेत, सुट्टीच्या दिवशीची बोलावणीही थांबलेली नाहीत. पण आता विचारायला जायचं तर सगळ्या मिळून जातात.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. माझा एक पाय ढिला आहे. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर खिळा ठोकून तिला नीट ठेवा आणि कुणाला तरी तिच्यावर बसवून वाचायला सांगा. पुस्तक अवघड असलं तर चौघांत ऐका. एकट्याला न कळलेलं चौघांत कळतं.

काल माझ्यावर मावशी बसली. वर्षभर नवीपाशी अक्षरं गिरवल्यावर, शब्दांवर बोट ठेवत तिने एक ओळ वाचली. फार वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. तिच्या वाटणीची चळत तोवर बाकीच्यांनी संपवली होती.