मुगाच्या दाण्याएवढा जोडा

मी एक इमारत बोलतेय. हसू नका. दोन फूट लांब आणि एका हाताने उचलता येईल एवढी असले, तरी मी इमारतच आहे, फक्त पन्नासपट लहान. आर्किटेक्ट लोक मला मॉडेल म्हणतात.

माझा जन्म क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात झाला, २००४च्या सप्टेंबरमध्ये. एका बेकरीवरच्या तीन खोल्यांत सहा जणांचा स्टुडिओ होता. यास्ना त्याची प्रमुख. केस आखूड, बोटांना कायम डिंक. तिथे कॉम्प्युटर होते, पण गुळगुळीत रंगीत चित्रं काढून गिऱ्हाइकाला भुलवायची मनाई होती. आधी लाकडाचं मॉडेल करायचं, ते गिऱ्हाइकासमोर ठेवायचं आणि शेजारी एक धारदार कटर ठेवायचा. "आवडलं नाही तर कापा," असं यास्ना सांगायची. लोक घाबरायचे. मीही घाबरले होते.

मला मागवलं होतं सीमाने. ती इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची आणि तिथल्या बौद्ध मंडळाची सेक्रेटरी होती. मंडळाला विहार हवा होता, सोबत वाचनालय. पंचवीस वर्षं ही माणसं शाळेचा हॉल भाड्याने घेऊन वंदना करत होती. दर वेळी बुद्धमूर्ती कपाटातून काढायची, दोन तासांनी पुन्हा कपाटात. आता कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, एक रिकामी जागा द्यायला तयार होती, अट एकच: एकतीस मार्चपर्यंत बांधकामाची, म्हणजे प्लॅनिंगची, परवानगी मिळाली पाहिजे. नाहीतर तिथे कार पार्क होणार होतं.

सीमाने एका मासिकात यास्नाच्या स्टुडिओने बांधलेली बालवाडी पाहिली आणि त्याच दिवशी ईमेल पाठवला. सोबत मंडळाच्या गरजांची अठरा पानी यादी. मूर्ती कुठल्या दिशेला, बाबासाहेबांच्या पुस्तकांना किती फळ्या, चहाची भांडी घासायला सिंक किती मोठं, सगळं तिच्यात होतं.

ऑक्टोबरमध्ये यास्ना मला मांडीवर घेऊन विमानाने आली. शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर मला ठेवलं, शेजारी कटर. मंडळी गोळा झाली. "वा!" "फारच छान!" "एकदम मॉडर्न!" पाठीमागे हात बांधून सगळे माझ्याभोवती फिरले. माणसांची ही सवय मला मुळीच आवडत नाही. मनात शंका असते, तोंडाने कौतुक चालू असतं.

"चला, मग हेच फायनल," मंडळाचे अध्यक्ष विलासकाका म्हणाले. ते निवृत्त बस ड्रायव्हर, वेळेचे पक्के. "तीन आठवड्यांत अर्ज गेला पाहिजे."

"थांबा जरा." सीमाची आई, शांताबाई, पुढे आल्या. नागपूर सोडून तीस वर्षं झाली होती, बोली तशीच होती. वाकून त्यांनी माझ्या दारातून आत पाहिलं. "इमारत झकास आहे. पण जोडे कुठं काढाचे?"

सीमाने यादी भराभर चाळली. अठरा पानांत ते कुणीच लिहिलं नव्हतं! आत जाताना जोडे काढायचे हे काय लिहायचं असतं? श्वास घ्यायचा असंही कुणी लिहिलं नव्हतं.

"शांताबाई, एक रॅक ठेवू हो आपण," विलासकाका म्हणाले.

"दोनशे माणसांचा रॅक? तुमच्या बसमध्ये ठेवता का?"

शांताबाईंनी पिशवीतून मुगाचं पाकीट काढलं. येताना उसळीसाठी बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानातून घेतलं होतं. एकेक दाणा माझ्या दारापुढे मांडायला लागल्या. "हा डावा, हा उजवा. हे विलासभाऊंचे. हे माझे." सीमाही हात लावायला बसली. शंभर दाण्यांत पायरी बुजली. दोनशे झाले तेव्हा दार अर्धं अडलं. चारशे झाले आणि मूग थेट फुटपाथवर सांडले.

यास्नाला सीमाने इंग्रजीत सगळं समजावलं. यास्नाने एक दाणा उचलून पट्टीवर ठेवला. साडेचार मिलिमीटर. पन्नासपट केलं की बरोबर माणसाच्या पावलाएवढं. ती एवढ्या मोठ्याने हसली की मी हादरले. "माझ्या घरात बुटांनी कुणी आत आलं तर आई बाहेर काढते! आणि मी हे विसरले?"

तिने कटर उचलला आणि शांताबाईंच्या हातात दिला.

"मी? इतकं सुंदर केलंय पोरीनं..."

"काप, आई," सीमा म्हणाली. "आत्ता नाही कापलं तर जन्मभर दारात अडखळू."

शांताबाईंनी माझी पुढची भिंत कापली. दुखलं का? दुखलं. पण त्याच क्षणी पहिल्यांदा मला वाटलं, मी यांची आहे.

झाग्रेबला परतल्यावर मला नवी पुढची बाजू मिळाली. छप्पर रस्त्याकडे, खऱ्या मापात चांगलं आठ फूट, पुढे आलं आणि त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बाक. यास्ना मूळची समुद्रातल्या एका बेटावरची; तिथे घरांपुढे असाच दगडी बाक असतो. त्यावर बसायचं, बूट काढायचे, खालच्या कप्प्यात ठेवायचे. माझं अंग फिकट लाकडाचं, बाक गडद अक्रोडाचा. सांधा लपवायचा नाही, असं यास्नाने बजावलं होतं.

अर्ज वेळेत गेला. फेब्रुवारीत कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीपुढे मी उभी राहिले. एका सदस्याने चष्मा वर केला. "एवढा लांब बाक कशाला? जागा फुकट जाते. भिंत पुढे आणा."

विलासकाकांनी भाषण लिहून आणलेला कागद चुरगळला. सीमा उठली. पर्समधून मूग काढले आणि माझ्यापुढे ओतले.

"हे चारशे बूट आहेत, सर. बाक काढलात तर ते तुमच्या फुटपाथवर येतील."

लोक हसले. तेवढ्यात मागून मिसेस हॉल्ट उठल्या. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या, हातात काठी, हरकत घ्यायला आलेल्या. "एक विचारते. त्या बाकावर बूट न काढताही बसता येईल का? बस स्टॉपवर बसायला काही नाही, आणि माझा गुडघा उभं राहू देत नाही."

"बसा ना! छप्पर रस्त्यापर्यंत आणलंय ते त्यासाठीच," सीमा म्हणाली.

मिसेस हॉल्टनी कमिटीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. "मग माझी हरकत नाही."

मतदान झालं. सगळे हात वर! विलासकाका रडले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, सर्दी झाली होती.

त्यानंतर दोन वर्षं मी विलासकाकांच्या गॅरेजमध्ये होते, लॉन मोअरशेजारी. माझ्या वंदनेच्या हॉलमध्ये एका कोळ्याने संसार मांडला. वाईट वाटायचं, पण तक्रार करणार कुणाकडे? खरी इमारत उभी राहत होती, तिच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे कोण बघेल? आणि बघूही नये.

२००७च्या वैशाख पौर्णिमेला सीमाने मला झटकून पुसून बाहेर काढलं. गाडीतून उतरताना मी समोर पाहिलं, तर मी! खरी, दगडाची, आकाशाएवढी. मूर्ती आत होती आणि आता तिला कुठल्याच कपाटात जायचं नव्हतं. "जय भीम" म्हणत दोनशे माणसं आली, बाकावर टेकली, जोडे कप्प्यांत ठेवून आत गेली. दार मोकळं होतं. पार मोकळं! यास्नाने बूट काढले तेव्हा तिच्या मोज्याला भोक निघालं. "एवढी मोठी आर्किटेक्ट!" म्हणत शांताबाईंनी तिला मिठीच मारली. बाकाच्या टोकाला मिसेस हॉल्ट बुटांसकट बसल्या होत्या. एक बस त्यांनी मुद्दाम सोडली.

आता मी वाचनालयातल्या टेबलावर आहे. विलासकाकांना मला काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. सीमाने चक्क भांडण केलं. "काचेत ठेवलं की लोक पुन्हा हात पाठीमागे बांधतील, काका!"

म्हणून तुम्हीही आलात तर मला हात लावा. छप्पर उचला, आत डोकवा. कुणी तुमच्यासाठी काही बांधत असेल, घर, शाळा, देश काहीही, तर नुसतं "वा" म्हणून घरी जाऊ नका. चुकतंय तिथे बोट ठेवा, आणि वेळेवर ठेवा.

आणि हो, माझ्या दारापाशी डिंकात एक मूग चिकटून राहिलाय. डावा जोडा आहे तो. पुसताना तेवढा काढू नका.