काळीज पडलं

थाळीतल्या मटणावर चरबीचा पांढरा थर धरू लागला होता. आसिलकानने थाळी लांब सारली. बोलोतने ती पुन्हा तिच्यापुढे ओढली.

"खा गं ताई. आणि दाखल्यावर नुसतं काळीज लिही."

बोलोतची बायको नुरझात काल भांडी घासता घासता गेली होती. वय बेचाळीस. अंगणातल्या लोकरीच्या नमद्याच्या तंबूत बायका सूर धरून रडत होत्या. तलासच्या खोऱ्यातल्या या गावात दवाखाना म्हणजे एकटी आसिलकान. मृत्यूचा दाखलाही तीच लिहायची.

"बंद पडलं ते काळीजच. पण आधीचं दुखणंही विचारतात. सहा वर्षं धड झोपली नव्हती ती."

"मनाच्या रोग्यांच्या यादीत नाव गेलं तर माझ्या पोरींना कोण करून घेईल? तू घेशील सून म्हणून?"



सहा वर्षांपूर्वी शेजारचं घर दरडीखाली गेलं, ते नुरझातने अंगणातून पाहिलं होतं. मग ती दवाखान्यात यायला लागली. "माझं काळीज पडलंय, ताई." भ्यालेलं माणूस इथे असंच बोलतं. म्हाताऱ्यांनी भीती उतरवायला तिच्या डोक्यावर पाण्याचं भांडं धरून त्यात वितळलेलं शिसं ओतलं. आसिलकानने केसपेपरवर लिहिलं, 'काळजाची तक्रार', आणि औषधाचे थेंब दिले. कुणी खोटं म्हणू शकणार नाही असा शब्द. शहरातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्यायला हवी होती. बोलोत नको म्हणाला, आसिलकानलाही ते सोयीचं वाटलं. एकदा नाही, अठरा वेळा तिने तेच लिहिलं. आज सकाळी ते केसपेपर चाळताना आपल्याच वळणदार अक्षराची तिला शिसारी आली होती.

तंबूतून बोलोतची थोरली मुलगी आयझिरेक उठून आली. एकोणीस वर्षांची पोर, ओठ पांढरे पडलेले.

"मावशी, श्वास पुरत नाहीये."

"झालं! हिचंही काळीज पडलं." बोलोतने बोटांवरची चरबी चाटली. "आईवर गेलीय. थेंब दे, येईल जागेवर."

आसिलकानचा हात सवयीने पिशवीत गेला. बाटली हाताला लागली. ती तशीच आत ठेवून ती उठली.

"हिचं काळीज जागेवरच आहे," ती म्हणाली. आवाज इतका चढला की तंबूतलं रडणं थांबलं. "भीती वाटते ना, पोरी? कधीपासून?"

आयझिरेकने बापाकडे पाहिलं, मग खाली.

"सातवीत होते, दरड आली, तेव्हापासून."