ओंदेचं दफन

आमच्या गल्लीत कुणी गेलं की सगळ्यात आधी माझा फोन वाजतो. इमामसाहेबांचा नंतर, मयताच्या परगावातल्या लेकरांचा त्याच्याही नंतर. वीस वर्षं मी इथल्या मयत-मंडळाचा प्रमुख आहे. आंघोळीची फळी, कफन, तिरडी, खड्डा, दारातल्या खुर्च्या, दोन तासांत सगळं तयार. पहाटे गेलेला माणूस दुपारच्या नमाजाआधी मातीत. बातू गावाच्या या डोंगरउतारावर बाकी कुठल्याही कामासाठी जुमादीचं नाव काढा, लोक हसतील. छप्पर गळतंय? जुमादी उद्या बघेल. नळ तुटलाय? उद्या. पण मयत म्हटलं की जुमादी.

या ‘उद्या’पायीच माझी बायको विनार्सी मला सोडून गेली. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी तीनदा पुढे ढकलली. गाडी माझी, वेळ माझा, नुसतं उठून त्यांना मालांगच्या इस्पितळात न्यायचं होतं. चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाले, आता त्या डोळ्याचं काही होणार नाही. विनार्सी घरी येऊन भांडली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिनं कपडे भरले आणि बहिणीकडे राहायला गेली. पुढे तिनं तलाक मागितला. तो शब्द कोर्टात मीच उच्चारला, कारण नको म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. तिथल्या कारकुनानं दोघांना बजावलं, “तीन महिन्यांची इद्दत आहे. तेवढ्यात मनं जुळली तर निकाह-नोंदणीच्या ऑफिसात या, सही करा, पुन्हा निकाह लावायची गरज नाही.” मला वाटलं, तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले.

ओंदे मात्र माझ्याकडेच राहिला. ओंदे म्हणजे विनार्सीचा हेजहॉग. आमच्याकडे त्याला छोटा साळिंदर म्हणतात, साळिंदराशी त्याचं काही नातं नसलं तरी. मूठभर जीव, वर काटे, खाली लोकरीसारखं मऊ पोट. तीळ लावलेल्या ओंदे-ओंदे लाडवासारखा गोल व्हायचा, म्हणून ते नाव. विनार्सीच्या मेहुण्यानं तिला स्पष्ट सांगितलं, “तू रहा, पण तो काटेरी उंदीर माझ्या घरात नको.” त्या मेहुण्याचे मी मनातल्या मनात किती आभार मानले असतील! कारण ओंदेला आंघोळ घालायला ती दर रविवारी माझ्याकडे येऊ लागली.

कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश, एक पांढरा टॉवेल. ती ओट्याशी उभी राहून एकेका काट्यामधली घाण काढायची आणि मी शेजारी उभा राहून नुसतं पाणी ओतायचो. ओंदे फुसफुसायचा, नव्या साबणाचा वास आला की तोंडाला फेस आणून तो स्वतःच्याच पाठीवर थापायचा. “बघा, तुमच्यासारखंच आहे याचं,” ती म्हणायची, “साधी आंघोळ करायची, तर केवढं नाटक!” कोर्टानंतर ती मला सगळ्या गल्लीसारखी ‘पाक जुमादी’ म्हणत होती. जुलैमधल्या एका रविवारी टॉवेल मागताना तिच्या तोंडून ‘मास’ निघालं, बायका नवऱ्याला म्हणतात तसं. ती थांबली, पण तिनं ते दुरुस्त केलं नाही. मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. मी ठरवलं, पुढच्या रविवारी विचारू.

असे बारा रविवार गेले. शेवटचा उरला होता, आणि त्यानंतरच्या सोमवारी इद्दत संपत होती. या खेपेला मी इस्त्री केलेला बाटिकचा शर्ट खुंटीला लावून ठेवला होता. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. “विन, परत ये.” इतकंच, पण ते पाठ करावं लागलं.

ऑगस्टात आमच्याकडे बेदिदिंग सुरू होतं. आकाश कोरडं, दुपारी कडक ऊन, आणि पहाटे हाडं गोठवणारी थंडी. विनार्सीनं आधीच सांगून ठेवलं होतं, “मास, त्याच्या खोक्यावरचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवायचा. त्याला थंडी सोसत नाही.” सोमवारी बल्ब उडाला. दुकान कोपऱ्यावर आहे, चपला घालून चार मिनिटं. मी म्हटलं, उद्या आणू. मंगळवारीही म्हटलं, बुधवारीही.

गुरुवारी सकाळी सहाला खोकं उघडलं तर ओंदे भुशात गोल पडलेला. हात लावला, फुसफुसला नाही. उचलला, दगडासारखा गार. पोटावर बोट ठेवलं, काही हललं नाही. नाकाशी काच धरली, धूसर झाली नाही. वीस वर्षांत मी तीनशेच्या वर मयतं हाताळली आहेत, मेलेलं मला कळत नाही होय?

आता खरं सांगतो, कारण खोटं बोलून मला काही मिळणार नाही. मला वाईट वाटलं, पण त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी असा, थोडा आनंदही झाला. आज गुरुवार आहे आणि तिला फोन करायला माझ्याकडे कारण आहे. ती येईल, रडेल, आणि बघेल की जुमादीनं सगळं वेळेवर, नीट उरकलंय. निदान एकदा तरी बघेल. म्हणून मी कामाला लागलो. ओंदेला ओल्या फडक्यानं पुसलं, नव्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलं, दोन्हीकडे गाठी मारल्या. परसात चाफ्याखाली हातभर खड्डा खणला, माती भुसभुशीत करून घातली, उशाशी गोल दगड ठेवला, वर फुलं टाकली. साडेसहाला सुरू केलं, सव्वासातला संपलं. कुंपणावरून शेजारचा तुकिरान म्हणाला, “काय पाक, आता उंदरांची मयतंही घेता का मंडळात?” मी म्हटलं, “तुझं नाव पुढचं आहे, गप बस.” मग हातपाय धुऊन फोन लावला.

ओंदे गेला हे ऐकताच विनार्सीनं विचारलं, “बल्ब चालू होता?”

मी खोकलो.

“मास, बल्ब चालू होता का?”

“सोमवारी उडाला. आज आणणारच होतो.”

“शेकलंत का त्याला? पोटाशी धरलंत? किती वेळ?”

“मेलेल्याला काय शेकायचं?”

“अहो, थंडीनं तो असाच गार पडतो! झोपतो! मेल्यासारखा दिसतो, तासभर ऊब दिली की उठतो!” ती ओरडत होती. “काढा त्याला. आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!”

मी परसात गेलो. फावडं भिंतीला टेकलेलं होतं. फुलं अजून ताजी होती. आणि मी काढलं नाही.

का, ते मी रोज स्वतःला विचारतो. वीस वर्षांत एकही मयत मी उकरलेलं नाही. ज्याच्यावर माती पडली त्याला पुन्हा हात लावायचा नाही, हे मी स्वतः कितीतरी रडणाऱ्या लेकींना दटावून सांगितलंय. कुंपणापलीकडे तुकिरान दात घासत उभा होता. उकरून तो मेलेलाच निघाला तर गल्लीत हसं होईल, आणि जिवंत निघाला तर त्याहून मोठं होईल. मयताचं कळणारा एकच माणूस या गल्लीत होता, तो मी. मी मनाशी म्हटलं, बायकांचं काळीज असंच असतं, येईल तेव्हा स्वतः बघेल. मी पायरीवर बसून कॉफी प्यायलो. तोवर ऊन परसात उतरून चाफ्याखालच्या मातीवर पडलं होतं.

ती नऊला आली, भाड्याच्या मोटरसायकलवरून, ती कामाला जाते त्या बेकरीचा एप्रन अंगावर तसाच. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. दगड भिरकावला, फुलं भिरकावली आणि हातांनी माती उपसायला लागली. मी म्हटलं, “फावडं देऊ?” ती म्हणाली, “मध्ये येऊ नका.”

रुमाल वर आला. एक गाठ सुटलेली होती. मी मारलेली गाठ सुटत नाही.

मी त्याला गोल गुंडाळून पुरलं होतं, आता तो लांब झालेला होता. थोबाड रुमालाबाहेर, नाकात माती, पुढच्या पायांच्या नखांत पांढरे दोरे अडकलेले. विनार्सीनं त्याला एप्रनखाली, पोटाच्या कातडीला लावून धरलं, काटे टोचत असतील तरी. नाकातली माती बोटानं काढली. त्याच्या तोंडात फुंकर घातली, पोट चोळलं, पुन्हा फुंकर घातली. अर्धा तास ती चाफ्याखाली मातीत बसून होती आणि मी उभा होतो. त्याचं अंग कोमट होतं. उन्हानं की जीव होता म्हणून, ते मी विचारलं नाही. शेवटी तिनंच हात थांबवले.

तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक. रविवार येणार नाही एवढंच डोक्यात होतं. तिच्या मांडीवर तो मेलेला जीव, तिच्या पोटावर रक्ताचे ठिपके, आणि मी बोललो, “विन, परत ये.”

तिनं वर बघितलं. आधी तिला कळलंच नाही. मग ती हसली, आणि ते हसू बघण्यापेक्षा तिनं माझ्या थोबाडीत दिली असती तरी बरं झालं असतं.

“आईचा डोळा गेला तेव्हा तुम्हाला वेळ होता,” ती म्हणाली. “बारा रविवार मी इथे उभी राहिले. दर रविवारी परत जाताना फाटकाशी मुद्दाम थांबायचे, चपलेचा पट्टा लावत. बारा रविवार, मास. तुम्हाला आयुष्यात दोनदा घाई झाली, आणि दोन्ही आज.”

ती उठली, ओंदेला एप्रनमध्ये गुंडाळून छातीशी घेतलं. तुकिरान कुंपणावरून नाहीसा झाला होता, तेवढी अक्कल त्याला होती. ती फाटकापाशी पोचली तेव्हा मला दुसरं काही सुचेना, म्हणून जे येतं तेच बोललो. म्हटलं, “त्याला माझ्याकडे दे. नीट पुरतो.”

“तुमच्या हातात,” ती म्हणाली, “मी आता मेलेलंसुद्धा देणार नाही.”

फाटक तिनं हळू लावलं. सोमवारी इद्दत संपली.