गुरम्मा आणि माओरींचा नाच

सटवाजी तसा खोटारडा नव्हता. वय लपवून सहादाती बैल चारदाती म्हणून एखाद्याच्या गळ्यात मारला असेल, पण तेवढं उदगीरच्या बाजारात कोण करत नाही? मात्र लढाईवरून परतला त्या दिवशी स्टेशनावर तो एकच शब्द बोलला आणि त्या शब्दानं त्याची झोप-भूक पळवून नेली.

गेला तेव्हा एकटा गेला नव्हता. गुरम्माचा एकुलता एक मडिवाळप्पा आणि तो, दोघं घरी न सांगता सिकंदराबादेला जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झाले, लॉरी चालवायला शिकले आणि जहाजात बसून थेट इटलीला पोचले. परत आला तो एकटा. दीड वर्षापूर्वी मडिवाळ गेल्याचा सरकारी कागद आला होता. पोस्टमास्तरनं तो वाचून दाखवला, तर गुरम्मा म्हणाली, "दुसऱ्या कुनाचा आसंल, वापस करा." आणि म्हातारी निघून गेली. सटवाजी गाडीतून ट्रंक घेऊन उतरला तेव्हा ती समोरच उभी. त्याची बाही धरून विचारलं, "मडिवाळ मागल्या गाडीनं येतो का रे?"

सटवाजीनं ट्रंक खाली ठेवली. "हाव," तो म्हणाला.

झालं! त्या दिवसापासून संध्याकाळी पाचच्या गाडीला गुरम्मा हजर. पदरात भाकरी बांधलेली, नजर डब्यांच्या दारांवर. गाडी निघून गेली की ती हमालांना म्हणायची, "उद्या येईल." असे तीन महिने गेले. सटवाजी स्टेशनाकडचा रस्ता टाळून लांबून जायला लागला. दोनदा सांगायला तिच्या घरी गेलाही. तर तिनं दह्याची वाटी पुढं केली, आणि दोरीवर मडिवाळचा सदरा धुऊन वाळत घातलेला. दही खाऊन, मान खाली घालून गडी परत. लढाईत तोफांखाली लॉरी हाणणारा माणूस, पण एका म्हातारीपुढं त्याची जीभ उचलत नव्हती.

त्याला स्वतःलाही मडिवाळशिवाय करमत नव्हतं, हे कुणी विचारलंच नाही. तो एकटा बसला की मन इटलीला जायचं. तिथला हिवाळा, गुडघाभर चिखल, आणि शेजारच्या छावणीतली न्यूझीलंडची माओरी पलटण. माओरी म्हणजे त्या मुलखातले मूळचे लोक. दांडगे, सावळे, हसायला लागले की तंबू हलवणारे. फुटबॉलचे तर वेडेच. पण त्यांचा चेंडू लांबोडका आणि तो हातात घेऊन पळायचा, आपला गोल आणि पायानं मारायचा. भांडणं झाली, मग तोड निघाली: अर्धा तास त्यांचा खेळ, अर्धा तास आपला. मडिवाळ गोलात उभा राहायचा, त्या थंडीतसुद्धा अनवाणी.

खेळ सुरू व्हायच्या आधी माओरी ओळीत उभे राहत. गुडघे वाकवून, मांड्यांवर आणि छातीवर थापा मारत, जमीन हादरेल असे पाय आपटत, डोळे वटारून, हनुवटीपर्यंत जीभ काढून एका आवाजात गर्जत. त्या नाचाला ते हाका म्हणत. आपल्या हाकेशी त्याचं काही नातं नाही. पहिल्या दिवशी मडिवाळ हसून हसून गोलातच बसला. आठ दिवसांनी तोच त्यांच्या ओळीत घुसून पाय आपटत होता. त्यांच्यातल्या सगळ्यात दांडग्या गड्याचं नाव आपल्या तोंडात बसेना, म्हणून मडिवाळनं त्याचं बारसं करून टाकलं: मलप्पा. तोही बेटा मलप्पा म्हटलं की ओ द्यायचा.

तोच नाच त्यांनी आणखी एकदा केला. मडिवाळच्या लॉरीवर गोळा पडला त्या दिवशी, त्याला ठेवलं त्या खड्ड्यापाशी. तेव्हा कुणी हसलं नाही. हे सटवाजी कुणालाच सांगत नव्हता.

अशात रेणुकादास मास्तर आले. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि गावची फुटबॉल टीम चालवायचे. म्हणाले, "सटवाजीराव, लातूरची टीम येऊन राहिली खेळायला. तुम्ही विलायतेत खेळून आलात. आमच्या पोरांना जरा तयार करा."

सटवाजीला माओरींची ओळ आठवली. जे तोंडानं निघत नाही ते पायांनी तरी निघेल, असं त्याच्या मनात आलं. पण तो नाच एकट्याचा नव्हे, ओळ लागते. "करतो," तो म्हणाला. "पन खेळाआधी माझा एक नाच करावा लागंल. सगळ्यांनी."

नाच पाहिला आणि टीमचे चेहरे पडले. जिनिंगमध्ये काम करणारा देविदास म्हणाला, "थापा मारतो, पाय आपटतो. पन जीभ न्हाई काढायचो. जीभ काढायची ती देवीनं. माझी सासुरवाडी लातूरची हाय, तिथं काय तोंड दाखवू?"

"दाखव की. जीभ बी दाखव," सटवाजी म्हणाला.

अकरा माणसं ओरडताना ऐकून चौकीवरचे अमीनसाहेब विचारायला आले, की हा काय तमाशा आहे, परवानगी काढली का. मास्तरांनी कवायत म्हणून सांगून वेळ मारून नेली. पंधरा दिवसांत नाच बसला. समजेना कुणालाच काही, पण सटवाजी करेल तसं मागच्या दहांनी करायचं, एवढं पक्कं झालं.

आदल्या दिवशी तो गुरम्माकडे गेला. "अव्वा, मडिवाळच्या तिकडल्या दोस्तांचा नाच हाय. खेळाआधी करतात. बगायला ये."

"गाडीच्या टायमाआधी हुईल का?"

"हुईल."

किल्ल्याजवळच्या मैदानावर ही गर्दी! गुरम्मा एका कडेला, पदरात भाकरी घेऊन बसली. अकरा जण ओळीत उभे राहिले, सटवाजी सगळ्यांच्या पुढं. पहिली थाप पडली, पाय आपटले, जिभा बाहेर आल्या, आणि मैदान हसून लोटपोट झालं. लातूरवाल्यांना वाटलं आपल्याला वेडावून दाखवून राहिले. त्यांचा कप्तान बाह्या सारत पुढं आला.

तोंड लातूरवाल्यांकडं करायचं ठरलं होतं. पण सटवाजीला गुरम्मा दिसली आणि तो तिच्याकडं वळला. त्याच्यामागं दहाही वळले. त्यांना तेवढंच शिकवलं होतं. आता अकरा धट्टेकट्टे गडी एका म्हातारीसमोर छाती बडवत होते. सटवाजीचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी तो थांबला नाही. हसणं आपोआप विझत गेलं.

गुरम्मा उठली आणि चालत त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"खेळाआधी करतात म्हनलास न्हवं? मग रडून का राहिलास?"

सटवाजीचे पाय थांबले.

"आनखी कवा करतात हे?"

"मानूस गेल्यावर, अव्वा."

गुरम्मानं त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. "तीन म्हैने मला गाडीला हुबं केलंस," ती म्हणाली. सटवाजीनं गालाला हातही लावला नाही. त्याला बरंच वाटलं.

मग ती अगदी हळू आवाजात बोलली. "बसवला का रे त्याला?"

गुरम्मा लिंगायत. त्यांच्यात मेलेल्याला जाळत नाहीत. मांडी घालून मातीत बसवतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात. फौजेत हिंदूला सरसकट जाळतात, हे पोस्टमास्तर बोलता बोलता बोलून गेले होते. म्हणून तर तिनं तो कागद दुसऱ्याचा ठरवला होता. पोरगा गेला हे तिनं कसंबसं सोसलं असतं, पण तो जळाला हे नाही.

"हाव," सटवाजी म्हणाला, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. "आपल्या पलटनीचे लोक लाकडं आनाया निगाले होते. मी मडिवाळच्या त्या दोस्तापुढं, मलप्पापुढं, मांडी घालून बसलो, डोळे मिटले, हात असा पुढं धरला. त्याची भाषा मला येत न्हाई, माझी त्याला. पन समजलं त्याला. त्यांनी गोल खड्डा खनला आन् बसवला आपल्या मडिवाळला. लिंग मी ठिवलं हातावर. विभूती न्हवती, चुलीतली राख लावली."

"मंत्र म्हनाया जंगम?"

"जंगम कुठून आनू अव्वा? हे असे नाचनारे होते." आणि त्यानं मागं घामानं भिजलेल्या दहा जणांच्या ओळीकडं हात केला.

गुरम्मानं एकेकाचं तोंड नीट न्याहाळलं. मग तिथंच, गोलाच्या खांबापाशी, मांडी घालून बसली.

"मगा मला ठाऊक न्हवतं कुनासाठी करून राहिले," ती म्हणाली. "आता करा."

त्यांनी केला. देविदासनं सगळ्यात लांब जीभ काढली. लातूरचे खेळाडू खाली मान घालून उभे राहिले. नाच संपता संपता पाचच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. गुरम्मा उठली नाही. तिनं पदराची गाठ सोडली, मडिवाळसाठी आणलेली भाकरी मोडली आणि अकरा जणांच्या हातांवर एकेक तुकडा ठेवला, पहिला सटवाजीच्या.