शिळ्याचा दिवा

सासऱ्यांचं मत असं होतं की काल वाजवलेला सोलो आज पुन्हा वाजवणारा माणूस वादक नसतो, कारकून असतो. कारकुनांवर त्यांचा राग नव्हता. त्यांचे चिरंजीव बँकेत कारकूनच होते आणि घर त्यांच्या पगारावर चाललं होतं. पण सॅक्सोफोन तोंडाला लावल्यावर कारकुनी करू नये, एवढंच. त्यांचा उभा जन्म हॉटेलांच्या बँडमध्ये गेला होता. समोरचे लोक जेवत असत, त्यामुळे काल काय वाजवलं आणि आज काय, हे फक्त त्यांनाच माहीत असे. तरी ते रोज नवीन वाजवत.

सुनेनं चांगली नोकरी सोडून सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, ते या मतातूनच. संगणकानं पियानो, बास आणि ड्रम्सची साथ धरायची, शिकणाऱ्यानं त्यावर मनाला येईल तो सोलो वाजवायचा, आणि संगणकानं तो ऐकून लक्षात ठेवायचा. आधी कधी वाजवलेली लांब ओळ पुन्हा आली की पडद्याच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका पेटे. कागदोपत्री त्याचं नाव ‘पुनरावृत्ती निदर्शक’ होतं. सासरे त्याला शिळ्याचा दिवा म्हणत आणि घरात तेच नाव रुळलं.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले होते आणि खिडकीवर जुनी गोधडी टांगली होती. तिथे सासरे रोज सकाळी वाजवत आणि सून शेजारी बसून पडदा बघे. त्यांच्यासाठी दिवा सहसा पेटत नसे. त्यांच्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलींसाठी तो इतका पेटे की एकीनं त्यावर कागद चिकटवून पाहिला.

एका गुरुवारी सासऱ्यांचा सोलो सुरू झाला, दिवा पेटला आणि संपेपर्यंत विझला नाही. सासरे डोळे मिटून वाजवत. डोळे उघडेपर्यंत ठिपका गेलेला होता.

“आज काहीतरी निराळंच सुचलं, नाही?” ते म्हणाले.

सुनेनं सॉफ्टवेअरमधली चूक शोधायला घेतली. स्वतःच्या कामात चूक सापडावी म्हणून माणूस इतका आसुसलेला क्वचितच असतो. शुक्रवारी तेच झालं. मग तिनं मंगळवारचं, गुरुवारचं आणि शुक्रवारचं रेकॉर्डिंग (बुधवारी वीज नव्हती) एकमेकांवर ठेवून पाहिलं. सूर तेच होते. श्वास घ्यायच्या जागा त्याच होत्या. अर्ध्यावर एक सूर किंचित घसरला होता, तोही तिन्ही दिवस तिथेच.

“अगं, म्हातारपणी माणसं त्याच त्या गोष्टी सांगतातच,” नवरा म्हणाला.

“सांगतात. पण शब्द बदलतात रे. आणि यांना ते दर वेळी आत्ता सुचल्यासारखं वाटतंय.”

तो चमच्यानं रिकामा कप ढवळू लागला.

“डॉक्टरांना दाखवू. पण त्यांना त्या दिव्यावरून कळता कामा नये. वाजवणं सोडतील ते. आणि वाजवणं सोडलं तर मागे काय उरतं त्यांच्याकडे? मी?”

त्यात सोमवारी पाहुणे येणार होते. वाद्यं बनवणाऱ्या एका कंपनीला सॉफ्टवेअर विकत घ्यायचं होतं आणि त्यांच्यापुढे सासरेच वाजवून दाखवणार होते. तिनं दिवा फक्त सासऱ्यांच्या खात्यापुरता बंद केला. कोडच्या एका ओळीचं काम होतं. दयेला फारशा ओळी लागत नाहीत.

शनिवारी सकाळी सासऱ्यांनी रीड, म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायची वेताची पट्टी, जिभेवर ओली केली, एक ओळ वाजवली आणि लगेच तीच पुन्हा वाजवून पडद्याकडे पाहिलं. यंत्र जागं आहे ना हे आधी बघावं, म्हणून पहिल्या दिवसापासून ते दिव्याची अशी परीक्षा घेत. सुनेनं ती रोज ऐकली होती, आणि रोज ऐकल्यामुळेच ती तिच्या कानाआड गेली होती.

दिवा पेटला नाही. त्यांनी ओळ तिसऱ्यांदा वाजवली.

“सूनबाई, दिवा मेला.”

“बघते मी, बाबा. तुम्ही तोवर चहा घ्या.”

“चहा झालाय. तुझ्या नावानं उघड बघू.”

तिनं उघडलं. त्यांनी ओळ दोनदा वाजवली आणि तांबडा ठिपका पेटला.

“म्हणजे दिवा ठणठणीत आहे,” सासरे सावकाश म्हणाले. “फक्त मला दाखवायचा नाहीये. किती शिळं वाजवतोय मी?”

“थांबा हं, बघते,” म्हणत ती कीबोर्डकडे वळली.

“अगं, माझ्याशी बोलतेयस. बँकेतल्याशी नाही.”

“सगळंच, बाबा. मंगळवारपासून.”

त्यांनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला. हात मात्र कीजवरच राहिले.

“मंगळवारचं लाव.”

तिनं लावलं. परक्या माणसाचं वाजवणं ऐकावं तशी मान कलती करून त्यांनी ते ऐकलं. घसरलेल्या सुरापाशी तोंड वाकडं केलं.

“चांगलं आहे,” संपल्यावर ते म्हणाले. “म्हणून तर तेवढं राहिलं असेल डोक्यात. आता माझा दिवा चालू कर.”

“कशाला, बाबा? त्याच्याशिवायही वाजवता येतं की.”

“येतं. पण उद्या चुकून नवीन सुचलं, तर मला कळणार कसं?”

दिवा बंद करणारी कोडमधली ती ओळ तिनं खोडली.

“सोमवारचं मी रद्द करते,” ती म्हणाली.

“कशाला? दिवा दाखवायचा तर शिळं वाजवणारा कोणीतरी लागेलच ना? शिकवणीच्या पोरी पाहुण्यांपुढे बिचकतात. मी आहे की घरचा.”

सोमवारी दोन पाहुणे आले आणि अंड्यांच्या ट्रेंकडे आदरानं बघत बसले. नवरा रजा काढून दाराशी उभा होता. सासऱ्यांनी दिव्याची परीक्षा घेतली, मग साथ सुरू झाली. त्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. मंगळवारचा सोलो पहिल्या सुरापासून निघाला, दिवा पेटला आणि सासरे त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत शेवटपर्यंत वाजवत राहिले. फक्त घसरायचा तो सूर त्यांनी नीट लावला. तेवढ्यानं दिवा विझत नाही. सुनेनंच तो तसा बसवला होता.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण पडद्याकडे बघून म्हणाला, “अचूक आहे हो!” दुसऱ्यानं सासऱ्यांना विचारलं, “इतकं हुबेहूब तेच वाजवायला फार तयारी करावी लागली असेल?”

“छे,” सासरे म्हणाले. “आपोआप जमतं.”

पाहुणे मनापासून हसले. नवरा तोंड फिरवून खिडकीवरची गोधडी सरळ करू लागला. ती सरळच होती.

सासऱ्यांनी रीड काढून पुसली, डबीत ठेवली आणि सुनेकडे वळून हळूच विचारलं, “डॉक्टरांकडे किती वाजता जायचंय?”

हे ते सकाळपासून विचारत होते.

“पाच वाजता, बाबा,” ती म्हणाली, त्यांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.