शटर पंधरा

“थांब, सांगू नकोस,” म्हणत दादांनी चष्मा कपाळावर सारला आणि तोंड संगणकाच्या पडद्याजवळ नेलं. पडद्यावर कोपऱ्यावरचा न्हावी आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. “ऊन तिरकं आहे. शटर अडीचशे, अपर्चर आठ.”

सुनेनं माउसचं उजवं बटण दाबलं, फोटोची माहिती उघडली आणि मान हलवली. “अडीचशे आणि आठ. बाबा, मी स्वयंपाकात असताना तुम्ही चोरून बघून ठेवता.”

दादा खूश झाले. महिनाअखेर घराला लागून असलेला दादांचा फोटो स्टुडिओ बंद व्हायचा होता, म्हणून सून जुने फोटो एका डिस्कवर गोळा करत होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं, की प्रत्येक फोटोच्या पोटात कॅमेरा स्वतःच सगळं लिहून ठेवतो. कॅमेरा कोणता, शटर किती वेळ उघडलं, अपर्चर म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं होतं, तेव्हा किती वाजले होते. दादांना वाटलं, ही आपली थट्टा करतेय. खात्री पटल्यावर मात्र त्यांनी दुपारची झोप सोडली. आपण बोटांनी केलं आणि विसरून गेलो, ते कुणीतरी मुकाट टिपून ठेवत होतं, याचं त्यांना भारी नवल.

संगणकाकडे ते तोवर कधी फिरकले नव्हते. वाचायलाच ते पस्तिशीत शिकले, तेही धाकट्या भावाकडून, डार्करूममधल्या रसायनांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अक्षरं लावून लावून. पुढे संगणक आला तो धाकट्याचाच झाला. दादा, बघ तरी, फोटो बोलतात, असं तो म्हणायचा. मला वाचता येतं तेवढं पुरे, असं दादा म्हणायचे.

सुनेनं पुढचा फोटो उघडला. रांगेत बसलेली माणसं, सगळे चेहरे हललेले.

या फोटोचा विषय घरात कुणी काढत नसे. अकरा वर्षांपूर्वी एका आजीबाईंना शंभर वर्षं पुरी झाली, तेव्हा त्यांची बेचाळीस माणसं एका हॉलमध्ये जमली होती. दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहून फोटो काढत होते. दादांकडे नवा मोठा कॅमेरा, धाकट्याकडे जुना. सगळे रांगेत बसले आणि फोटोत कधी न हसणाऱ्या आजीबाई एकदम हसल्या. दोघांनी क्षणाच्या फरकानं बटण दाबलं. मग त्या थकल्या आणि आत गेल्या. संगणकावर उतरवल्यावर एक फोटो स्वच्छ निघाला, पण त्यात आजीबाईंनी डोळे मिटलेले. दुसऱ्यात हसू होतं, पण फोटो हललेला, चेहरे पाण्यात पडल्यासारखे. आठवड्यात आजीबाई वारल्या. त्यांचा मुलगा स्टुडिओत येऊन आधी रडला, मग ओरडला.

दादांना क्षणभरही शंका आली नाही. स्वच्छ फोटो आपला, हललेला धाकट्याचा. सगळ्यांसमोर ते म्हणाले, “तुझा हात कधी स्थिर नव्हताच. उद्यापासून येऊ नकोस.” धाकटा संगणकाशी जाऊन दहा मिनिटं बसला. मग पडदा बंद करून बाहेर आला आणि त्या मुलाला म्हणाला, “माझंच चुकलं.” जुना कॅमेरा गळ्यात तसाच अडकवून तो निघून गेला.

“पुढे जाऊ, बाबा?” सुनेनं विचारलं.

“नको. याच्या आधीचा दाखव.”

आधीचा फोटो मोकळ्या हॉलचा होता, नुसत्या खुर्च्यांचा. ही दादांची खोड. आधी खोली, मग माणसं. कोपर टेबलावर टेकवायचं, श्वास धरायचा आणि शटर सावकाश उघडायचं. धाकटा मागून म्हणायचा, खुर्च्यांनो, हसा जरा.

“हा माझा. शटर पंधरा,” दादा म्हणाले. म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. शटर इतका वेळ उघडं राहिलं तर खुर्च्यांना चालतं, हसणारा माणूस मात्र हललेला दिसतो.

“पंधराच,” सून म्हणाली. “मोठा कॅमेरा.”

“आता तो.”

सुनेनं माहिती उघडली, पण वाचली नाही. दादांनी चष्मा खाली घेतला आणि पडद्याला बोट लावून एकेक अक्षर स्वतःच वाचलं. शटर पंधरा. मोठा कॅमेरा. माणसं बसवायच्या गडबडीत त्यांनी शटर बदललंच नव्हतं.

“दहा मिनिटं बसला होता तो इथं,” ते म्हणाले. “या खुर्चीत.”

सुनेनं खाली बघत सांगितलं, की काकांचा मेलचा पत्ता आपल्याकडे आहे, मधूनमधून बोलणंही होतं, तुम्हाला कळू दिलं नाही इतकंच. दादा म्हणाले, बरं केलंस. मग त्यांनी तिला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. एका बोटानं, तासभर खपून, त्यांनी लिहिलं: ‘शटर पंधरा. कॅमेरा माझा. तू बघितलं होतंस. चुकलं माझं.’

दोन दिवस काही आलं नाही. इंटरनेट चालू आहे ना, हे दादांनी इतक्यांदा विचारलं, की सून म्हणाली, बाबा, आता तेच तुमची चौकशी करायला येईल.

तिसऱ्या दुपारी मेल आला. शब्द एकही नव्हता, फक्त एक फोटो. एक छोटी खोली, खिडकीपाशी टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. माणूस कुणी नाही.

“रिकामी खोली का पाठवली काकांनी?” सुनेनं विचारलं.

दादांनी माउस आपल्याकडे ओढला आणि उजवं बटण दाबलं. तारीख आजची. जुना कॅमेरा. शटर पंधरा.

मग त्यांनी फोटो मोठा केला आणि खुर्चीच्या पायापासून खिडकीच्या गजांपर्यंत एकेक कड बोटानं तपासली. कुठेही हललं नव्हतं.