कोपऱ्यातल्या खुर्चीचं माप

सलग तिसऱ्या रविवारी, भर दुपारी नवऱ्याने पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला आणि "आता कुणी बोलायचं नाही" असं फर्मान सोडलं, तेव्हा तिने अक्षरशः हात टेकले. भांडी अर्धी घासून झाली होती, पण नळ बंद ठेवायचाही हुकूम होता. हाताला साबण तसाच.

नवरा वजनमापं तपासायच्या खात्यात होता. आठवडाभर दुकानदारांचे काटे तपासायचे आणि रविवारी घरच्यांना धारेवर धरायचं. घरात पाच स्पीकर आणि एक वूफर आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सोफ्याच्या मधल्या जागेवर, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर आवाज मोजायचा मीटर उभा. मग एकेका स्पीकरमधून तो गळक्या कुकरसारखा शूऽऽ आवाज सोडायचा, आकडा बघायचा आणि रिमोटने कमीजास्त करायचा. पाचही स्पीकरचा आकडा पंचाहत्तर आला की झालं. तो येत आला की कुणीतरी शिंकायचं, आणि ये रे माझ्या मागल्या.

"अहो, ऐकायला बरं वाटतंय की," ती मागच्या रविवारी म्हणाली होती.

"कान खोटं बोलतो. मीटर बोलत नाही."

बरं, हा सगळा खटाटोप कुणासाठी? तर सासूबाईंसाठी. टीव्हीवरचं बोलणं त्यांना नीट कळत नाही म्हणून ही यंत्रं आली, आणि आल्यापासून जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं. आधी त्या विचारायच्या, मग विचारणं सोडलं, आणि गेले पंधरा दिवस तर जेवण झालं की हॉलमध्ये बसणंच सोडलं होतं. "माझे कान गेले, तुम्ही बघा," म्हणायचं आणि खोलीचं दार ओढून घ्यायचं. तिने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयाच्या मानाने कान उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. "म्हातारीचं मन राखलं त्याने," एवढंच म्हणाल्या.

जेवणानंतरचा तो एक तास सोडला, तर त्या बाईशी दोन शब्द बोलायला घरात कुणाला फुरसत नव्हती. आता तोही गेला. त्या दाराआड भिंतीकडे बघत बसलेल्या, आणि पोटचा पोरगा बाहेर शूऽऽ मोजतोय. तिला याचा इतका राग यायचा की हातातली पातेली आपटावीशी वाटायची.

"झालं," नवरा घाम पुसत म्हणाला. "पाचही पंचाहत्तर. बोलव आईला."

सासूबाई आढेवेढे घेत आल्या आणि कोपऱ्यातल्या उंच खुर्चीत बसल्या. सोफा इतका खोल की एकदा त्यात बसल्या तेव्हा दोघांनी मिळून त्यांना ओढून काढलं होतं. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर दोन माणसं पावसात भांडत होती. पाच मिनिटांत सासूबाई खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. पाऊस छान पडतोय. माणसं काय बोलतायत ते तुम्ही ऐका."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "बघ, यंत्रात काही खोट नाही. आता आईच्या कानांना मी काय करू?"

हे मात्र फार झालं. ती तरातरा उठली, ट्रायपॉडसकट मीटर उचलला आणि सासूबाईंच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नेऊन ठेवला.

"अगं, मोजायचं मधल्या जागेवरच. पुस्तकात दिलंय."

"मधे कोण बसतं?"

"मी."

"आणि ऐकू कुणाला येत नाही?"

त्याने रिमोट उचलला.

"लावा तो शूऽऽ."

टीव्हीखालचा स्पीकर, ज्यातून माणसं बोलतात, तो लागला. एकाहत्तर. मग मागचा डावा, पावसापाण्याच्या आवाजाचा, जो त्याने मोठ्या हौसेने नेमका त्या खुर्चीच्या डोक्यावर ठोकला होता. शहाऐंशी. त्याने मीटर हलवून पाहिला, पुन्हा लावला. शहाऐंशीच.

"एवढ्या फरकाला मी दुकानाला सील ठोकतो," तो हळूच म्हणाला. "तीन आठवडे आपण आईच्या कानात नुसता पाऊस ओततोय."

"आपण नाही. तुम्ही."

सासूबाई दाराला टेकून उभ्या होत्या. "म्हणजे मी बहिरी नाही झाले," त्या म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास पंखा बंदच राहिला, पण यावेळी तिने कुरकुर केली नाही. खुर्चीवरून सगळे आकडे जुळले, सासूबाई बसल्या, सिनेमा पहिल्यापासून लागला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पावसातलं भांडण संपलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चूक त्या थोरल्याचीच आहे." तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला रागच आला.

आता चुळबुळ सुरू झाली नवऱ्याची. सोफ्यावरून एकही स्पीकर धड ऐकू येत नव्हता. रिमोटकडे त्याचा हात दोनदा गेला, दोन्ही वेळा तिने डोळे वटारले. शेवटी तो उठला, स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल घेऊन आला आणि आईच्या खुर्चीला अगदी चिकटून बसला.

"इथेच बरोबर येतंय," तो पुटपुटला.

"डोकं खाली कर, पडदा दिसत नाही." सासूबाईंनी हाताने त्याचं डोकं दाबलं, आणि हात तिथेच राहिला. जरा वेळाने त्या पडद्यावरून नजर काढून खाली बघायला लागल्या.

"केस केवढे पिकलेत रे तुझे."

"आई, सिनेमा बघ," तो म्हणाला, पण डोकं त्याने काढून घेतलं नाही.